किलर यीस्ट (विष सोडून दुसऱ्या यीस्टना मारणारं यीस्ट) पहिल्यांदाच वापरणार असशील तर

आधी ज्यावर यीस्ट वाढवायचं त्या माध्यमाचा पीएच (आम्लता) सांभाळ. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून ४.५ च्या आसपास ठेव, वर गेला की बहुतेक विषं निकामी होतात. आणि प्लेटा २५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्येच ठेवायच्या. कोल्हापूरच्या एप्रिलात टेबलावर ठेवल्यास तर प्रयोग वाया गेला म्हणून समज, कारण ही विषं प्रथिनं आहेत, उष्णता सोसत नाहीत. मिथिलीन ब्ल्यू घाल, मेलेल्या पेशी निळ्या दिसतात.

१९८३ मध्ये इटलीच्या पोलोनेल्लींनी नऊ किलर यीस्टच्या तीन त्रिकुटांतून कँडिडा अल्बिकन्स या रोगकारक यीस्टच्या प्रत्येक स्ट्रेनला (उपप्रकाराला), तो कोणत्या किलरनं मरतो हे पाहून, दर त्रिकुटाचा एक असा तीन आकडी कोड दिला. सुंदर पद्धत आहे, मनापासून शिक. गुऱ्हाळातल्या रसातून यीस्ट शोधायचा मोह होईल, पण सुरुवात ओळखीच्या स्ट्रेननंच कर. आणि प्रत्येक खेपेला कंट्रोल स्ट्रेन (ज्याचा निकाल आधीच माहीत आहे असा) लावच.