जळकी मोटार आणि कोरडे तीन दिवस

प्रश्न : मी परांडा तालुक्यातल्या एका गावचा. आयटीआय (वायरमन) करून चार वर्षं चाकणला कंत्राटी कामावर होतो, आता घरी आलोय. जवळ दीड लाख रुपये साठलेत. 'गावातली अडचण शोध, तिथंच धंदा आहे' असं जो तो सांगतो. मी वहीत अडचणी लिहून काढल्या, एकवीस भरल्या : गटारी तुंबतात, मोकाट जनावरं, रस्त्यावरचे दिवे बंद, मोटारी जळतात, एसटी वेळेवर नाही... यातली नेमकी कुठली धरू? वडील म्हणतात, त्यापेक्षा मोबाइलचं दुकान टाक.

उत्तर : तुझ्या वयाची माझी मुलं आहेत, तेव्हा अरे-तुरे करतो. परांड्याच्या स्टँडपासून चालत जा, मोबाइलची दुकानं मोज आणि आकडा घरी सांग. पुढचं वडील स्वतःच बोलतील.

आता वही. अडचण खरी असली म्हणून तिच्यासाठी कुणी खिशात हात घालतोच असं नाही. हे मी फी भरून शिकलोय. बार्शीत माझं विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं (वायंडिंगचं) दुकान होतं. मध्येच एका गावच्या रस्त्यावरच्या दिव्यांचं काम घेतलं. अंधाराची तक्रार गावभर होती. काम आठ दिवसांत उरकलं, बिल निघालं चौदा महिन्यांनी; तोवर सरपंचही बदलला होता. गटारी आणि दिवे सध्या बाजूला ठेव. तो पैसा येतो, पण दीड लाखवाल्याला त्याची वाट बघणं झेपत नाही.

'मोटारी जळतात' ही ओळ मात्र तू दोन शब्दांत उरकलीस. मोटार जळण्याचं कारण तुला ठाऊकच आहे : लाइट आली की ऑटो स्विचमुळे डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम उचलतात आणि व्होल्टेज बसतं. नाहीतर विजेच्या तीन फेजांतला एक जातो, मोटार दोनावरच घुरघुरत राहते, वायंडिंग तापून वार्निश जळतं. पण हे झालं मोटारीचं दुखणं. शेतकऱ्याचं मला उशिरा कळलं. १९९१च्या उन्हाळ्यात एकजण जळकी मोटार टाकून पायरीवर बसून राहिला. 'परवा या' म्हटलं, तर म्हणाला, 'मोटार कवा बी दे, मला आज पाणी पायजे. वांगी चाललीत.' दुकानात पाच मोटारी रांगेत होत्या. त्या प्रत्येकीमागे एकेक वाळतं रान आहे, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

एक पाच एचपीची मोनोब्लॉक (मोटार-पंप एकत्र असलेली) कोपऱ्यात बेवारस पडली होती. रोजाचे तीस रुपये ठरवून तीच त्याला दिली. त्या हंगामात आणखी चार जुन्या घेतल्या आणि भाड्यानं फिरवल्या. स्वस्तात मिळाली म्हणून एक दहा एचपीचीही घेतली, ती वर्षभर कुणी उचलली नाही. आमच्या विहिरींवर पाचचीच चाल. एका बहाद्दरानं तर भाड्याची मोटारच जाळून आणली. तेव्हापासून अनामत घ्यायची आणि फेज गेला की बंद पडणारा स्टार्टरही आपलाच द्यायचा, असा नियम केला.

तू वायंडिंगचं दुकान लगेच टाकू नकोस. जे आहेत त्यांच्याकडून मोटार भरून आण. रानातून उचलायची, तोवर भाड्यानं बदली मोटार बसवायची, भरलेली परत जोडायची, एवढंच तुझं काम. पाणबुडी मोटार बोअरमधून वर काढायला माणसं लागतात, त्याची मजुरी वेगळी धर.

पण आधी आसपासच्या तीन गावांतले तीसेक विहिरी-बोअरवाले गाठ. 'अशी सोय काढली तर घ्याल का?' हे विचारूच नकोस. सगळे हो म्हणतात, वर चहा पाजतात. विचार : गेल्या वर्षी मोटार किती वेळा जळली, कुठे नेली, टेम्पोला किती दिले, पाणी किती दिवस बंद होतं, तोवर काय केलं? शेजाऱ्याचं पाणी विकत घेतलं असेल तर किती मोजले? एकवीस अडचणींपेक्षा हे आकडे वहीत हवेत.

सौर पंपाचंही विचार. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटाला पंपाच्या किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्केच भरावे लागतात आणि ५ वर्षं दुरुस्तीची हमी असते. ज्या गावचं अर्धं शिवार सौरवर गेलंय, तिथे माझा सल्ला गुंडाळून ठेव.

कर्जाची घाई नको. पीएमईजीपीमध्ये (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) सेवा उद्योगाचा २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के अनुदान आहे. पण ते हातात पडत नाही, ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं. सुरुवातीला भाड्यानं द्यायच्या दोन जुन्या मोटारींना एवढा खटाटोप कशाला? सरकारची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची नोंदणी) तेवढी करून घे. ती फुकट असते, कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस.

आणि जळक्या मोटारीतून निघालेलं तांबं मालकाला तोलून परत द्यायचं की मजुरीत वळतं करायचं, हे मोटार उचलतानाच बोलून घे. माझी निम्मी भांडणं त्या तांब्यावरून झाली.