तिसावा दिवस सव्वा महिन्याच्या आधी येतो

आपला प्रश्न असा आहे की, ३१ आठवड्यांत जन्मलेल्या, १,४०० ग्रॅम वजनाच्या आणि आज बावीस दिवसांच्या आपल्या बाळाचे डोळे स्वच्छ दिसत असताना त्यांची तपासणी खरोखर लागते का, आणि आरओपी हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्यांचा आजार, घरातले म्हणतात तसा, ऑक्सिजनच्या नळीमुळेच होतो का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, आणि येत्या आठवड्यातच’ असे आहे. दुसऱ्या प्रश्नावरून माझे आणि माझ्या आईचे गेली नऊ वर्षे वाजत आले आहे, त्यामुळे ते उत्तर लांबणार आहे.

डोळे वरून छान दिसतात याला काही अर्थ नाही. माझ्या मुलीचेही टपोरे, काळेभोर दिसत होते. हा आजार आतल्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा आहे. पोटातल्या बाळाच्या दृष्टिपटलावर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास रक्तवाहिन्या मधून कडेकडे सरकू लागतात. नाकाकडच्या कडेला त्या छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पोहोचतात आणि कानाकडच्या कडेला पोहोचायला चाळिसावा उजाडतो. आपले बाळ त्याआधीच बाहेर आले, म्हणजे पडद्याची कड अजून कोरी आहे. बाहेर ऑक्सिजन पोटातल्यापेक्षा जास्त मिळाला की ही वाढ थबकते, आणि काही आठवड्यांनी तोच कोरा भाग रक्तासाठी भुकेला झाला की नको तिथे नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात. त्या आवळत गेल्या की पडदा ओढला जातो आणि शेवटी सुटतो. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातला आजार पुष्कळदा आपोआप निवतो. पाचव्या टप्प्यात पडदा पूर्ण सुटलेला असतो आणि मग शस्त्रक्रियेनेही फारसे हाती लागत नाही. मधले दिवस थोडे असतात आणि त्या दिवसांत बाळाकडे पाहून बाहेरून काहीही कळत नाही.

माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली, वजन १,३२० ग्रॅम. पहिलटकरीण म्हणून मी माहेरी सांगोल्याकडे होते आणि बाळंतपण एका खाजगी दवाखान्यात झाले. सव्वीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर औषधांच्या यादीखाली ‘डोळे तपासून घेणे’ एवढेच इंग्रजीत लिहिले होते. कधी, कुठे, कोणाकडे आणि कशासाठी, यातले एकही नव्हते. मी ते वाचले आणि आईला दाखवले. आई म्हणाली, “सव्वा महिना झाल्याशिवाय एवढ्याशा पोरीला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. डोळे कुठं पळून चाललेत?” मी ऐकले. चार दिवसांनी तिसावा दिवस, म्हणजे पहिल्या तपासणीची शेवटची मुदत होती, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

न्हाणे, ओटी सगळे उरकून आम्ही एक्केचाळिसाव्या दिवशी सोलापुरात पोहोचलो. सिस्टरने दर दहा-पंधरा मिनिटांनी थेंब घातले, तासाभरात बाहुल्या इतक्या पसरल्या की डोळ्यांत तपकिरी रंगाची जेमतेम रेघ उरली. मग तिला दुपट्यात घट्ट गुंडाळून, ओठांवर साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवून, पापण्यांत तारेचा बारीक चिमटा बसवला. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला आणि हातातल्या भिंगातून पाहत राहिले. दोन्ही डोळ्यांत तिसरा टप्पा होता आणि वाहिन्या फुगून नागमोडी झाल्या होत्या. त्यांनी मला एवढेच विचारले, “आज का आणलंत?” ४८ तासांच्या आत लेसर झाले. कडेच्या कोऱ्या भागावर शेकडो ठिपके देऊन तो भाग विझवतात, म्हणजे मधली नजर वाचावी म्हणून कडेची थोडी नजर सोडून द्यायची.

आता आईचे म्हणणे. ती आजही म्हणते की दवाखान्याने नळी लावली म्हणून डोळे बिघडले. नळी नसती तर मुलगीच नसती, हे मी तिला शंभरदा सांगितले आहे. १९४२ मध्ये बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ टेरी यांनी या आजाराचे वर्णन केले, पुढे भरमसाट ऑक्सिजनशी त्याचा संबंध सिद्ध झाला आणि ऑक्सिजन एकदम आखडता घेतला गेला, तेव्हा डोळे वाचले पण बाळे दगावली. म्हणून आता पायाला लावलेल्या यंत्रावर साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ऑक्सिजन राखतात. तमिळनाडूतील, याच आजाराने दृष्टी गेलेल्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सुमारे १.८ कोटी रुपयांची भरपाई दिली, तिथेही बोट ठेवले गेले ते तपासणी न केल्यावर आणि आईवडिलांना न सांगितल्यावर. नळीवर चिडून काय मिळणार? चिडायचे तर तारीख नसलेल्या कार्डावर चिडावे, आणि सव्वा महिन्यावर.

प्रामाणिकपणे हेही लिहायला हवे की आईचे म्हणणे सगळेच खोटे नाही. यंत्रावर लक्ष न ठेवता ऑक्सिजन सोडत राहिले तर डोळ्यांना धोका वाढतोच. आणि मुलीच्या डाव्या डोळ्याला आज उणे सातचा नंबर आहे, डाव्याला कामाला लावायला उजव्या डोळ्यावर पट्टी लावून तिने दोन वर्षे काढली, पण तिसाव्या दिवशी नेले असते तर हा नंबर आला नसता असे डॉक्टर म्हणत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना नंबर तसाही येतो आणि लेसरनंतर तो वाढू शकतो. हे मी आईला अजून सांगितलेले नाही.

आपल्याकडे ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत करायची असते. २८ आठवड्यांपूर्वीची किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा हलकी बाळे दोन ते तीन आठवड्यांतच दाखवायची. आजार निघालाच तर उपचार इंजेक्शनने की लेसरने, ते पडदा पाहिल्यावर डॉक्टर ठरवतील. आपल्या हातात आठ दिवस आहेत. दृष्टिपटलाचे डॉक्टर लहान गावी रोज नसतात, त्यामुळे त्यांचा वार आजच फोन करून विचारा. तपासणी एकदा करून भागत नाही, म्हणून पुढची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका. तपासणीआधी तासभर दूध पाजू नका; आमच्या मुलीने ते सगळे सिस्टरच्या अंगावर काढले होते.