सीएसएसमध्ये मार्जिन दिलं की भलताच सेक्शन खाली का सरकतो? स्पेसिंगचे असे घोळ शोधायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की तीन महिने सीएसएस (वेबपेज कसं दिसावं ते ठरवणारी भाषा) शिकताय, फ्लेक्सबॉक्स (एलिमेंट ओळीत मांडायची पद्धत) बऱ्यापैकी जमतं, पण सेक्शनमधल्या हेडिंगला मार्जिन-टॉप (वरून बाहेरची मोकळी जागा) दिलं की हेडिंग आत खाली यायच्या ऐवजी अख्खा सेक्शनच खाली येतो, वर पांढरी पट्टी दिसते आणि मग तुम्ही निगेटिव्ह मार्जिन टाकून ते जुळवता. मी पण ह्याच ठिकाणी अडकले होते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते निगेटिव्ह मार्जिन काढा. मी एका कामात हेच केलं होतं, मेनू आणि त्याखालच्या निळ्या बॅनरच्या मधे पट्टी येत होती, अंदाजाने आकडे टाकत टाकत बॅनरला वजा २२ पिक्सेल दिलं आणि लॅपटॉपवर एकदम बरोबर बसलं. फोनवर उघडलं तर बॅनर मेनूच्या खालच्या कडेवर चढलेला. मग शेवटी इन्स्पेक्ट (ब्राउझरमधलं तपासायचं साधन) उघडून एकेका एलिमेंटवर माउस नेला तेव्हा दिसलं की बॅनरला मार्जिनच नाही, आतल्या एच-वनला (मुख्य हेडिंगला) आहे आणि आकडा आहे २१.४४. हा आकडा मी कुठेच लिहिला नव्हता, तो ब्राउझरचा स्वतःचा, एच-वनला तो वर-खाली ०.६७ एम (एक एम म्हणजे त्याच्या फॉन्टचा आकार) मार्जिन देतो, आणि फॉन्ट ३२ पिक्सेल, म्हणजे गुणाकार केला की बरोबर २१.४४. फोनसाठी मी फॉन्ट २४ केला होता तिथे ते मार्जिन १६ वर आलं, माझे वजा २२ मात्र तसेच, म्हणून सहा पिक्सेल वर चढलं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, आकडा बदलायच्या आधी ती जागा कुणाची आहे ते शोधायचं.

तुमच्या केसमधे जे होतंय त्याला मार्जिन कोलॅप्स म्हणतात. पॅरेंट (बाहेरचं एलिमेंट) आणि त्याच्या पहिल्या चाइल्डच्या (आतल्या एलिमेंटच्या) मधे पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा), बॉर्डर, मजकूर काहीच नसेल तर चाइल्डचं वरचं मार्जिन पॅरेंटच्या मार्जिनमधे मिसळतं आणि पॅरेंटच्या बाहेर जाऊन पडतं. शेजारच्या दोन ब्लॉकचंही तसंच, वरच्याचं खालचं मार्जिन ३० आणि खालच्याचं वरचं २० असेल तर मधे ५० नाही, ३०च येतात, मोठं असेल ते राहतं. हे वेड्यासारखं वाटतं पण त्यामागे कारण आहे, सीएसएसची पहिली आवृत्ती १९९६ ची, तेव्हा वेबपेज म्हणजे मुख्यतः मजकूर, आणि प्रत्येक पॅराग्राफला वर-खाली एक एम मार्जिन असताना दोन पॅराग्राफमधे दोन एमचं अंतर कुणाला नको होतं. मजकुरासाठी ते आजही छान काम करतं. पण पॅरेंटमधून बाहेर पडणारं मार्जिन मात्र लेआउट करताना खरंच छळतं, आणि सीएसएस ठरवणाऱ्या वर्किंग ग्रुपने स्वतःच्या डिझाइनमधल्या चुकांची जी यादी केलीये त्यात मार्जिन कोलॅप्सचं नाव आहे, त्यामुळे तुम्हाला जमत नाही असं अजिबात समजू नका.

उपाय सोपा आहे, सेक्शनला वरून पॅडिंग द्या, किंवा डिस्प्ले: फ्लो-रूट द्या, आतलं मार्जिन आतच राहतं. फ्लेक्स आणि ग्रिडमधे (आडव्या-उभ्या रांगांची मांडणी) आतली मार्जिनं अशी मिसळत नाहीत, म्हणूनच तुम्हाला फ्लेक्समधे हा त्रास दिसला नसणार.

शोधताना एक चूक बरेच जण करतात, सगळ्या एलिमेंटना लाल बॉर्डर देतात. बॉर्डर दिली की पॅरेंट-चाइल्डचं कोलॅप्सच थांबतं, म्हणजे जे शोधताय तेच गायब, वर बॉर्डर स्वतः जागा खाते ते वेगळंच. आउटलाइन द्या, एक पिक्सेल, ती जागा घेत नाही. आणि क्रोममधे इन्स्पेक्ट करताना रंग बघा, नारिंगी म्हणजे मार्जिन, हिरवा पॅडिंग, निळा कंटेंट. जागेवर कुठलाच रंग येत नसेल तर ती जागा त्या एलिमेंटची नाहीच, शेजाऱ्याची, आतल्याची नाहीतर पॅरेंटच्या गॅपची (आतल्या आयटममधे ठेवलेल्या अंतराची) आहे, तिकडे जा.

बाकीचे नेहमीचे पटकन सांगते. इमेजच्या खाली चार-पाच पिक्सेलची फट येते कारण इमेज अक्षरासारखी बेसलाइनवर (अक्षरं टेकतात त्या रेषेवर) बसते, डिस्प्ले: ब्लॉक करा. रुंदी ३००, पॅडिंग २० आणि बॉर्डर १ दिली की बॉक्स ३४२ होतो, म्हणून फाइलच्या सुरुवातीलाच सगळ्यांना बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स, मग पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीतच धरली जाते. फ्लेक्समधला आयटम लांब शब्दामुळे बाहेर पळत असेल तर त्याला मिन-विड्थ: ०. आणि पेज आडवं स्क्रोल होत असेल तर कुठेतरी १०० व्हीडब्ल्यू (ब्राउझरच्या खिडकीची पूर्ण रुंदी) लिहिलंय का बघा, त्यात स्क्रोलबारची रुंदीही धरली जाते, बहुतेक वेळा १०० टक्के लिहून काम होतं.

अंतर देताना मी आता कार्डला बाहेरून मार्जिन देतच नाही, ज्याच्यात ती कार्डं आहेत त्यालाच गॅप देते. फ्लेक्समधला गॅप २०२१ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमधे चालतो त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ह्याने कार्ड कुठेही उचलून ठेवता येतं आणि शेवटच्या कार्डचं मार्जिन काढायची भानगड राहत नाही.

आता तुमचं पेज उघडा, निगेटिव्ह मार्जिन काढून सेक्शनला फक्त फ्लो-रूट देऊन बघा. पट्टी गेली तर कोलॅप्सच होतं. नाही गेली तर पट्टीच्या आसपासच्या एलिमेंटवर माउस नेऊन नारिंगी कुठे दिसतं आणि कम्प्युटेडमधे (इन्स्पेक्टमधला अंतिम आकड्यांचा टॅब) मार्जिनचा आकडा किती येतोय ते लिहा, आकड्यावरून बरंच कळतं, बघू मग.