तबकडीला चिकटणारी धूळ : कोरड्या कापडाने पुसणे आधी थांबवावे

आपण निपाणीहून लिहिले आहे की आजोबांच्या रेकॉर्ड्स डिसेंबरपासून पुन्हा वाजवायला काढल्या, प्रत्येक वेळी मखमली कापडाने कोरड्याच पुसल्या, तरीही धूळ लगेच परत चिकटते, तबकडी उचलताना बोटाला झटका बसतो आणि गाण्यात टक्‌टक् ऐकू येते. माझ्या मते दोष टर्नटेबलमध्ये नसून त्या पुसण्यातच आहे.

एल.पी., म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची मोठी तबकडी, पीव्हीसी या प्लॅस्टिकची असते. तिच्यावर कोरडे कापड किंवा कागदी पाकीट घासले की ऋण विद्युतभार साचतो आणि तो हवेतली धूळ ओढून घेतो. हवेत ओलावा असला की हा भार लवकर ओसरतो, म्हणून आपल्या बेळगाव-खानापूरकडे आषाढ-श्रावणात ही तक्रार फारशी राहत नाही आणि थंडीच्या कोरड्या दिवसांत ती हमखास सुरू होते. निपाणीत तंबाखूची बारीक धूळ त्यात भर घालत असेल.

कार्बन तंतूंचा ब्रश घ्यावा. तबकडी फिरत असताना तो दोन-तीन फेऱ्या केवळ टेकवून धरावा, दाबू नये. ब्रशच्या धातूच्या भागावर बोट असावे आणि दुसऱ्या हाताने अर्थिंग असलेल्या ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला स्पर्श करावा. एवढे केले नाही तर धूळ निघते, पण भार तसाच राहतो. टर्नटेबलच्या फिरत्या ताटावरील नमद्याची चकती तबकडीबरोबर वर उचलली जात असेल, तर तिच्याऐवजी बुचाची किंवा चामड्याची वापरावी. टर्नटेबलचे झाकणही कोरडे न पुसता किंचित ओल्या कापडाने पुसावे.

मात्र प्रत्येक टक् विजेचा नसतो. आवाज बरोबर १.८ सेकंदांनी, म्हणजे ३३⅓ गतीच्या एकेका फेरीला, त्याच जागी येत असेल तर तिथे ओरखडा आहे किंवा खाचेत मळ घट्ट बसला आहे. विजेचे आवाज अनियमित येतात. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची एखादी एल.पी. लावून पाहावी, कारण त्यांच्या आलापातील विरामांत हा फरक स्वच्छ कळतो. मळ असल्यास डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन-चार थेंब घालून, मधले लेबल कोरडे ठेवून, खाचांच्या दिशेने धुवावे आणि पुन्हा निव्वळ डिस्टिल्ड वॉटरने खळबळावे. बोअरचे पाणी वापरू नये, त्यातील क्षार खाचांत बसतात. तबकडी उभी ठेवून पूर्ण वाळवावी व नव्या अँटीस्टॅटिक, म्हणजे भार साचू न देणाऱ्या, पाकिटात घालावी. जुन्या कागदी पाकिटात परत घातली तर सारे श्रम वाया जातात.

आजोबांच्या संग्रहात ७८ गतीच्या जुन्या तबकड्या असतील, तर त्यांना स्पिरिट मुळीच लावू नये. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून मी वडिलांची एक नाट्यपदांची तबकडी स्पिरिटने पुसली होती. तिचा पृष्ठभाग काही क्षणांत निस्तेज झाला आणि ते पद पुन्हा कधी नीट ऐकता आले नाही. त्या तबकड्यांवर भार फारसा साचतही नाही, त्यांना मऊ ब्रश पुरतो.

सुईवरील धूळ मात्र रोज, मागून पुढे अशा एकाच दिशेने, सुईच्या छोट्या ब्रशाने काढत जावी.