इंजिन खोलण्याआधी : वाचकांचे प्रश्न

पाऊस लागला की खानापूर-जांबोटी पट्ट्यातून येणारी पत्रं वाढतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर मधेमधे पेट घेत नाही. म्हणून पहिला प्रश्न जरा सविस्तर घेतला आहे.

प्रश्न : माझी कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० आहे. उन्हाळ्यात तक्रार नाही. पावसात मात्र जांबोटी सोडून कणकुंबीकडे चढ लागला की मिसिंग मारते, पिकअप जातो. मेस्त्री म्हणतात, "हाफ इंजिन करायला लागतंय." करून घेऊ का? — खानापूर

उत्तर : एवढ्यात नको. हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवून पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह वगैरेंचं काम. रिंगा झिजल्या असतील तर त्या चैत्रातही त्रास देतील, पावसाची वाट बघणार नाहीत. दुखणं फक्त ओलीत उपटत असेल तर आधी करंटच्या बाजूला बघायचं.

रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन आयडलवर ठेवा आणि झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने प्लग वायरींवर व डेल्कोच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपवर हलका फवारा मारा. वायरीवरून बॉडीकडे निळी ठिणगी उडताना दिसली किंवा इंजिन लगेच लंगडायला लागलं तर चोर सापडला. हात लांब ठेवा, त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. मग इंजिन बंद करून कॅप काढा आणि आतून बघा. दोन टर्मिनलांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथूनच पळतो. ती रेघ पॉलिश पेपरने घासून गाडी घरी आणता येते, त्यापलीकडे भरवसा नाही. कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर जोडीने बदला. कॅपच्या मधला कार्बन स्प्रिंगवर आत-बाहेर होतो का, कॉइलवरचं रबरी टोपण फाटलंय का, हेही तेव्हाच पाहून घ्या.

वायरी मल्टिमीटरवर तपासा. लांबी साधारण सारखी असेल तर रोधही साधारण सारखाच यायला हवा. एखादीचा आकडा दुप्पट आला किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर पूर्ण सेट बदला. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. चिनीमातीवर केसाएवढी चीर असली तरी तो प्लग फेकून द्या, कारण कोरड्यात चालणारा असा प्लग ओलीत दगा देतो. पॉइंटची (इलेक्ट्रॉनिक इग्निशन नसलेली) गाडी असेल तर पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मिमी.

कोणता सिलिंडर मेला आहे ते असं कळतं : आयडलवर रबरी मुठीच्या पकडीने एकेक प्लग वायर क्षणभर काढा. जी काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळात चालतच नव्हता. त्याचा प्लग शेजारच्यात घाला. दुखणं प्लगबरोबर सरकलं तर विषय संपला.

एवढं करूनही लंगडेपणा राहिला तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा, आणि मोजताना समोर उभे राहा. इंजिन गरम हवं, तिन्ही प्लग काढलेले हवेत, कॉइलचा करंट तोडलेला हवा, बॅटरी भरलेली हवी आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला हवा. शेवटची अट बऱ्याच गॅरेजांत पाळली जात नाही. थ्रॉटल मिटलेला असेल तर चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो, आणि मग तोच आकडा दाखवून काम काढलं जातं. पाच-सहा फेऱ्यांत काटा १२ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर गेला तर इंजिन ठणठणीत. १० ते ११ वरही जुनी गाडी गुमान चालते, फक्त तिन्ही सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त तफावत नको.

एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. आहे तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन्ही सिलिंडर सारखेच पडले असतील तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट गेलंय. व्हॉल्व्हवर बोट ठेवण्याआधी टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, तपासून घ्या. टॅपेट घट्ट बसलं असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. फीलर गेज लावून तासाभरात होणारं काम आहे. हेड उतरलंच तर सरळ पट्टी लावून तपासा. वाकलं असेल तर उद्यमबागेतल्या मशीन शॉपमधून फेस मारून (घासून सपाट करून) घ्या, नाहीतर नवं गॅस्केटही टिकणार नाही.

प्रश्न : पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून माझी कार्ब्युरेटरची ओम्नी ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडते. महिनाभर उभी राहिली की सुरूच होत नाही. — निपाणी

उत्तर : ई-२० पेट्रोलची सुरुवात ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत झाली, आणि आता पंपावर सगळीकडे तेच मिळतं. आपल्या शिवारातला ऊस कारखान्यामार्गे आपल्याच टाकीत येतो म्हणायचं! इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण थोडं पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असं होतं. ओळखायची खूण सोपी : गरम इंजिनावर चोक किंचित ओढा. अडखळणं थांबलं तर मिश्रण पातळ आहे. पण जेटला हात लावण्याआधी मॅनिफोल्ड गॅस्केट आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांभोवती कार्ब क्लीनर थोडा थोडा मारून बघा, मात्र थंड इंजिन नुकतंच सुरू केलेलं असतानाच, कारण तो पेटतो. एखाद्या जागी मारल्यावर आयडल बदललं तर तिथून हवा आत शिरतेय. तसं काही नसेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम बघा : एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हाताने ओढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोलची स्वच्छ धार दिसायला हवी.

उभ्या गाडीचं कारण वेगळं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं की पाणी-इथेनॉल मिळून तळाला बसतं आणि पंप नेमकं तेच उपसतो. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून धुवा. फिल्टर बदला, पुढच्या एक-दोन टाक्यांनंतर पुन्हा बदला, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून आणतं. रबरी नळ्या दाबून बघा. चिकट, फुगलेल्या किंवा तडकलेल्या असतील तर इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घाला. ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं, तिथे पेट्रोलचा वास आला तर गाडी हलवूच नका.

प्रश्न : गाडी गरम होते. थर्मोस्टॅट काढून टाकला तरी फरक नाही. पाणी बोअरचंच घालतो. — अथणी

उत्तर : थर्मोस्टॅट परत बसवा. त्याच्याशिवाय इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा येतं, पेट्रोल जास्त खातं आणि ऑइलात गाळ साचतो. कधी गरम होते ते आधी ठरवा. बाजारात उभ्याउभ्या काटा चढत असेल तर फॅन, त्याचा रिले किंवा स्विच. तवंदी घाटात किंवा हायवेवर चढत असेल तर पाणी फिरत नाही : रेडिएटर चोंदलाय, नाहीतर वॉटर पंप. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की आत क्षार धरतो. रेडिएटर पितळी असेल तर तो उघडून सळईने नळ्या साफ करता येतात, ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचा असेल तर सरळ बदला. पुढे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं.

हेड गॅस्केटची शंका असेल तर सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरची कॅप काढून सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा कॅप लावल्यावर वरचा होज मिनिटा-दोन मिनिटांत दगडासारखा कडक होत असेल, तर गॅस्केट गेलं. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला तो वाफेमुळेही धरतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी लगेच बंद करा.

प्रश्न : रिव्हर्स टाकताना खर्र आवाज, दुसऱ्यातही कधीकधी. गिअरबॉक्स उतरवायला सांगितलाय. — संकेश्वर

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. क्लच पूर्ण दाबा, मनात पाच मोजा, मग रिव्हर्स टाका. गुमान पडला तर बिघाड नाही : जुन्या लहान गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो, आतला शाफ्ट थांबायला थोडा वेळ द्यावा लागतो. पाच मोजूनही खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही. पडताळा घ्या. सपाट जागेवर इंजिन चालू ठेवून, क्लच दाबून पहिला टाका. गाडी पुढे ओढ घेतेय? मग क्लचच. केबलची तार आत तुटतेय का बघा, पॅडलला १५ ते २५ मिमी मोकळी चाल ठेवा. इंजिन बंद असतानाही गिअर जड पडत असतील तर लिंकेज बघा.

दुसऱ्याचं सांगायचं तर, तिसऱ्यातून दुसऱ्यात येतानाच खरखरतो आणि न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, जरा रेस देऊन, परत दाबून टाकला की मऊ पडतो? मग सिंक्रो रिंग झिजलीय. तरी आधी गिअर ऑइल बदला. ड्रेन नटाच्या चुंबकावर करडी पेस्ट चालते, पातळ चकत्या किंवा दाताचे तुकडे चालत नाहीत. ऑइल जीएल-४ दर्जाचं घ्या. जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्यं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत. गाडी सपाट उभी करून लेव्हल नटाच्या भोकातून थेंब बाहेर पडेपर्यंत भरा, त्यावर नको.

न्यूट्रलमध्ये गुरगुर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी बघून घ्या, मजुरी एकदाच लागते.

प्रश्न : सकाळी सुरू करताना निळा धूर येतो, मग थांबतो. रिंगा गेल्या का? — टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बहुधा नाही. रात्रभर व्हॉल्व्ह स्टेम सीलमधून ऑइल ठिबकतं, सकाळी ते जळतं. चढावर रेस देताना धूर येत राहिला तर रिंगांचा विचार करा. दर हजार किलोमीटरला ऑइल किती घालावं लागतं ते लिहून ठेवा. पाव लिटरच्या आत असेल तर सध्या हात लावू नका.

प्रश्न : जुन्या सुमोला गिअर बदलताना मागे "टक्" वाजतं. — चिक्कोडी

उत्तर : चाकांना दगड लावा, न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना पिळा. युनिव्हर्सल जॉइंटमध्ये ढिलाई जाणवली तर क्रॉस बदला. ठरावीक वेगाला थरथर येत असेल तर शाफ्टचा बॅलन्स बघा. फक्त रेस देताना मागून हूंऽऽ आवाज येत असेल तर क्राउन-पिनियन, आणि गाडी डावी-उजवीकडे झुलवल्यावर तो बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. डिफरन्शियलमध्ये मात्र जीएल-५ च घाला, वर गिअरबॉक्ससाठी सांगितलेलं ऑइल तिथल्या दातांना पुरत नाही.