स्पीड ३०० एमबीपीएस, तरी गेम का अडकतो?

मित्रा, प्लॅन वाढवायची घाई करू नकोस. गेम खेळताना डेटा फार कमी लागतो, १ एमबीपीएससुद्धा पुष्कळदा पुरतो. लागतं ते वेळेवर पोचणारं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा. म्हणून स्पीड टेस्टचा मोठा आकडा सोड आणि पिंग बघ, म्हणजे पॅकेटला सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, त्यातही तो किती वरखाली होतो ते बघ. सलग ७० असेल तर निभतं, पण ३० वरून मध्येच २०० वर उडणारा पिंग खेळ बिघडवतो.

आधी लॅन केबल लाव. वाय-फायवर भरवसा नको, सोसायटीत शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर गर्दी करतात. केबल शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय, तेही राउटरच्याच खोलीत.

केबलवरही अडकतोय? मग घरात कुणाच्या मोबाइलवरून फोटोंचा बॅकअप चालू असताना पिंग तपास. अपलोड भरलं की पॅकेटं राउटरमध्ये रांगेत ताटकळतात आणि तुझी गोळी त्या रांगेत मागे उभी राहते. याला बफरब्लोट म्हणतात. माझ्या मते घरगुती लॅगचं सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग लांबू न देणारी सेटिंग) असेल तर चालू कर आणि मर्यादा खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेव. कमाल स्पीड थोडा घटेल, घटू दे.

आणि हो, सर्व्हर कुठला निवडलायस? व्हॅलोरंट या गेमचा सर्व्हर मुंबईत आहे. सिंगापूर निवडलंस तर फायबरमधून नुसतं जाऊन यायलाच सुमारे ४० मिलिसेकंद जातात, प्लॅन कुठलाही असो.

केबल लावून पिंगचे आकडे सांग, मग पुढचं बघू.