अकराव्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट करावं का?

प्रश्न: मुलगा ११ वर्षांचा, जन्मापासून ऐकू येत नाही, खुणांनी बोलतो. हिअरिंग एड लहानपणी थोडे दिवस लावलं, मग सोडलंच. घरचे म्हणतात ऑपरेशन करून टाक, बोलायला लागेल. करू का? – एक आई, डिचोली

उत्तर: ताई, ऑपरेशन होऊ शकतं (कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे आतल्या कानात बारीक तार, इलेक्ट्रोड, बसवतात, ती ऐकण्याच्या नसेला आवाजाचे संकेत देते), पण ते "बोलायला लागेल" जरा बाजूला ठेवा. पहिल्या तीन-चार वर्षांत आवाज पोचला नाही की मेंदूतला ऐकण्याचा भाग दुसऱ्याच कामाला लागतो, मग इलेक्ट्रोडमधून आवाज गेला तरी त्यातून शब्द वेगळे कळणं फार कठीण जातं. ज्या मुलांनी हिअरिंग एड सतत वापरलंय त्यांना मोठेपणीही बराच फायदा होतो, तुमच्याकडे तसं नाही, म्हणून मी अपेक्षा कमीच ठेवीन: हॉर्न, बेल, कोणी हाक मारली एवढं कळेल, ओठ वाचायला मदत होईल. तेही कमी नाही म्हणा.

आधी बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) ईएनटीला दाखवा, ऐकण्याची नस नीट आहे का ते एमआरआयमध्ये कळतं. खर्चाचंही विचारा, केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या) जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी ५ वर्षांपर्यंतचीच अट आहे.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी इम्प्लांटचं मशीन चालू करतात, पुढे मॅपिंग (मशीन मुलाच्या ऐकण्याला जुळवून घेणं) आणि थेरपी वर्षानुवर्षं, आणि मोठी मुलं नुसत्या गोंगाटाला कंटाळून मशीन कपाटात टाकतात हे होतं हो, म्हणून आधी त्यालाच विचारा, त्याच्या खुणांत. आणि कोणी कितीही सांगो, खुणा बंद करू नका.